'वेदना'चा गठ्ठा

कोशाच्या पुरवणीच्या प्रस्तावनेसाठी बाईंबद्दल चार ओळी लिहून द्या, असं नव्या संपादक मॅडमनी मला सांगितलं. मी दिल्या. त्यांत 'मनमिळाऊ, कष्टाळू आणि प्रसिद्धीपराङ्मुख' असे तीन शब्द आहेत. तिन्हींचं शुद्धलेखन मी दोनदा तपासलं. ते बिनचूक आहे, आणि तिन्ही शब्द खोटे आहेत. बाई मनमिळाऊ मुळीच नव्हत्या. कष्टाळू आपण त्याला म्हणतो ज्याच्याबद्दल दुसरं काही सांगायचं जिवावर आलेलं असतं. आणि प्रसिद्धी त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही, तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवायचा प्रश्नच नव्हता. त्या चार ओळी छापून येतील. हे छापून येणार नाही, म्हणून इथे खरं लिहितो.

संस्कृत आणि पाली या दोन्ही भाषांत आढळणाऱ्या शब्दांचा एक मोठा कोश आमच्या संस्थेत तयार होत होता. कोणत्या शब्दाचा कोणत्या भाषेत काय अर्थ, तो कुठल्या वाक्यावरून कळतो, हे सगळं त्यात यायचं. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक खोली होती. तिच्या तीन भिंतींना लाकडी कपाटं, कपाटांना लहान लहान खण, खणांत चिठ्ठ्या. चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी. डाव्या कोपऱ्यात शब्द, उजव्या कोपऱ्यात ग्रंथाची खूण, मधे वाक्य, खाली लिहिणाऱ्याची सही. प्रत्येक चिठ्ठीला खाली भोक, आणि त्या भोकांमधून खणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पितळी सळई. सळई ओढल्याशिवाय चिठ्ठी बाहेर येत नसे. डांबराच्या गोळ्यांचा वास तर असा, की घरी गेल्यावरही आमच्या कपड्यांना येई आणि बायको मला तिच्या साड्यांशेजारच्या खुंटीवर शर्ट टांगू देत नसे.

या खोलीत बाई एकतीस वर्षं होत्या. हुद्दा लेखनिक. काम काय, तर कागद कापायचे, वाक्यं उतरवायची, चिठ्ठ्या लावायच्या. सगळे त्यांना पाठीमागे 'चिठ्ठीबाई' म्हणत आणि तोंडावर नुसतं 'बाई'. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. चिठ्ठीवर शाईचा ठिपका दिसला की लिहिणाऱ्याच्या टेबलावर ती आणून ठेवायच्या आणि तो नवी लिहीपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या, मग तो डॉक्टरेट मिळवलेला विद्वान का असेना. दोन्ही भाषा त्या कोशाच्या खणांतूनच शिकल्या. पदवी नव्हती, म्हणून सहायक संपादक झाल्या नाहीत. पण सहायक संपादक अडले, की आधी दाराकडे बघत आणि मग हळूच बाईंच्या टेबलाकडे जात.

मी मुद्रितशोधक. छापखान्यातून आलेली प्रुफं वाचायची, चुका काढायच्या, खणातल्या चिठ्ठ्यांशी ताडून बघायचं. कचेरीत मला 'खोडरबर' म्हणत. त्या वेळी मला कामाला लागून सात वर्षं झाली होती आणि सातही वर्षं मी हंगामी होतो. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसायचं आणि पुन्हा रुजू व्हायचं. त्या एका दिवशी सासरे हमखास येत आणि विचारत, "आज घरी कसे?"

बाईंनी खोलीला एक नियम घालून दिला होता. कुणीही खणातली चिठ्ठी किंवा गठ्ठा नेला, तर त्या जागी लाल कार्ड अडकवायचं. कार्डावर क्रमांक, नेणाऱ्याचं नाव, तारीख. छापायला जायच्या आधी खण उघडून पाहायचा. लाल दिसलं की ते पान थांबवायचं, नेणाऱ्याला विचारायचं, मगच पुढे. लाल कार्डांची वहीही बाईंकडेच, आणि कुठला खण कुणी कधी टेबलावर नेला त्याचीही वेगळी वही. आम्ही थट्टा करायचो, की बाई सकाळी घरातून निघताना उंबऱ्यात एक लाल कार्ड ठेवून येत असतील. त्या हसायच्या नाहीत. पण नियमामुळे बारा वर्षांत एकही चिठ्ठी गहाळ झाली नाही, हे साहेबसुद्धा पाहुण्यांना अभिमानाने सांगत. साहेब म्हणजे आमचे प्रमुख संपादक. नियम स्वतःचाच असल्यासारखा सांगत.

एकशे सात नंबरच्या खणात 'वेदना' हा शब्द होता. बाईंचा त्यावर फार जीव. आपल्याला वेदना म्हटलं की दुखणंच आठवतं. बाईंचं म्हणणं, हा त्या शब्दावर अन्याय आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ कळणं, जाणवणं. पुढे जाणवण्यातलं दुखणं तेवढं उरलं. पालीत मात्र शब्द शाबूत राहिला. तिथे वेदना म्हणजे जे जे जाणवतं ते सगळं, आणि ती तीन प्रकारची: सुखाची, दुःखाची, आणि सुखाचीही नाही दुःखाचीही नाही अशी तिसरी. पहिल्या दोन्हींच्या चिठ्ठ्या ढिगाने होत्या. तिसरीची वाक्यं बाई वर्षानुवर्षं शोधत होत्या.

"बाई, ना सुख ना दुःख म्हणजे आमच्या कचेरीतला सोमवार," मी एकदा म्हटलं.

"चेष्टा करू नका," त्या म्हणाल्या. "ही तिसरी ओळखू आली तर माणूस शांत होतो. ओळखू नाही आली तर ती आतून पोखरते. लोकांना वाटतं काहीच होत नाहीये. होत असतं."

कधी नव्हे ते साहेबांनी या नोंदीचं काम बाईंना दिलं. संस्कृतचा अर्धा भाग त्यांनी लिहून दिला, तो छापखान्यात टाइपात जुळवून झाला. पालीचा भाग राहिला होता. साहेब म्हणाले होते, की नोंदीच्या शेवटी तुमची आद्याक्षरं टाकू. नुसती आद्याक्षरं, तीही सहायक संपादकांच्या टाइपापेक्षा लहान टाइपात. पण एकतीस वर्षांत छापील पानावर बाईंची पहिलीच निशाणी. त्यांनी मला दोनदा विचारलं, की तो लहान टाइप म्हणजे नेमका किती लहान असतो. मी त्यांना छापखान्यातून नमुना आणून दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून जवळून पाहिला आणि पर्समध्ये ठेवला.

तेवढ्यात त्यांची थोरली बहीण न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. घरात दोघीच. बाईंनी वीस दिवसांची रजा टाकली आणि साहेबांना विचारून पालीच्या दोनशे चौदा चिठ्ठ्या घरी नेल्या. जाताना खणात लाल कार्ड अडकवलं, क्रमांक एकसष्ट. माझ्यासमोर अडकवलं. सळई आत ढकलून खण दोनदा हलवूनही पाहिला.

चौथा खंड त्या महिन्यात निघायचा होता. प्रकाशनाला मोठे पाहुणे, सभागृह ठरलेलं, पत्रिका वाटलेल्या. साहेबांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "खोडरबर, खंड वेळेवर आला तर तुमची कायम झाल्याची ऑर्डर त्याच दिवशी हातात देतो. नाही आला, तर पुढच्या वर्षी मी या खुर्चीत असेन की नाही, मलाच माहीत नाही." मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिने सासऱ्यांना सांगितलं. म्हणजे ते झाल्यातच जमा होतं.

गुरुवारी दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या. खालून इस्त्रीची वाफ वर येत होती आणि भिंतींना ओल होती. बहीण आतल्या खोलीत पडून, उशीखाली हात. बाईंनी जेवायच्या टेबलावर चिठ्ठ्यांच्या तीन रांगा लावल्या होत्या. तिसरी रांग सगळ्यांत तोकडी. बहिणीने हाक मारली की उठायचं, तिला कुशीवर वळवायचं, हात धुऊन पुसून पुन्हा चिठ्ठी धरायची, असं चाललं होतं.

"मंगळवारी देते," बाई म्हणाल्या. "तिसरीचं लिहायचं राहिलंय. घाईघाईत लिहिलं तर पहिल्या दोघींच्या मधे कुठेतरी चेंगरून जाईल ती."

"साहेब मागे लागलेत."

"लाल कार्ड आहे ना खणात? मग पान थांबेल. तुम्ही थांबवाल."

"थांबवतो," मी म्हटलं. "तुम्ही काळजी करू नका."

आतून बहीण म्हणाली, "अगं, त्यांना चहा तरी विचार." बाईंनी चहा केला. साखर दोनदा घातली, इतकं लक्ष चिठ्ठ्यांत होतं. मी तो गोडमिट्ट चहा पूर्ण प्यायलो.

शुक्रवारी सकाळी मी खण एकशे सात टेबलावर घेतला, वहीत सही केली, वेळ टाकली. शेवटचा फर्मा, म्हणजे एका तावावर एकदम छापायची सोळा पानं, ताडून पाहायचा होता. साडेअकराला साहेब धावतपळत आले. छापखान्याचं मशीन आजच मोकळं होतं. आज फर्मा गेला नाही तर पंधरा दिवस थांबायचं, आणि पंधरा दिवस थांबलं तर सभागृह, पाहुणे, पत्रिका सगळ्यावर पाणी. खोलीच्या त्या टोकापासून ते प्रत्येकाला विचारत येत होते, "लाल आहे का? लाल आहे का?" माझ्या टेबलापर्यंत यायला त्यांना चार टेबलं होती.

त्या चार टेबलांत मी काय काय विचार केला असं पुढे लोकांना सांगता यावं म्हणून पुष्कळ कारणं मी नंतर जुळवली. पाली भाग पुरवणीत घेता येईल. बाई समजून घेतील. साहेबांनी तसाही फर्मा पाठवलाच असता. ही सगळी नंतरची कारागिरी. त्या वेळी मला फक्त सासरे दिसत होते, दारात उभे, "आज घरी कसे?" म्हणत. मी सळई ओढली, लाल कार्ड काढलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि सळई परत लावली. हाताला सवय होती, आवाजही झाला नाही.

"एकशे सात?" साहेबांनी विचारलं.

"पूर्ण आहे," मी म्हटलं.

खंड वेळेवर निघाला. प्रकाशनाच्या दिवशी मला कायम झाल्याची ऑर्डर मिळाली. बाई मंगळवारी गठ्ठा घेऊन आल्या तेव्हा फर्मा छापून घड्या घालून झाला होता. 'वेदना' या शब्दापुढे जाणीव, मग पीडा, यातना, आणि पूर्णविराम. पुढच्या ओळीत दुसरा शब्द सुरू. पाली नाही, तीन प्रकार नाहीत, आद्याक्षरं नाहीत. ज्या अन्यायाविरुद्ध बाई वर्षानुवर्षं चिठ्ठ्या लिहीत होत्या, तोच आता कोशात सुबक टाइपात छापलेला होता. आणि मी तो तपासला होता.

साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. स्वतःचा दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालायला त्यांना वेळ लागत नसे. "बाई, गठ्ठा नेलात ठीक आहे, मीच हो म्हटलं होतं. पण लाल कार्ड कुठे आहे? नियम तुमचाच ना?"

"ठेवलं होतं," बाई म्हणाल्या.

"खणात नाहीये."

"ठेवलं होतं."

एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. तेही खोटंच. मी मान खाली घालून प्रुफावर एका ठीकठाक अक्षराला गोल करत बसलो होतो. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी टेबलाशी बसून केलं.

लेखी ताकीद निघाली: स्वतः घालून दिलेला नियम मोडला. आणि बाईंची बदली तळमजल्यावर, विक्री विभागात झाली. पालीचा गठ्ठा त्यांच्याकडून कुणी परत मागितलाच नाही, तो त्यांच्या घरीच राहिला. तिथे काम काय, तर कोशाचे खंड पुठ्ठ्यात गुंडाळून सुतळीने बांधायचे. चौथा खंडही त्याच बांधायच्या. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे नऊ वर्षं.

बदलीच्या दिवशी त्या जिन्यात भेटल्या. एका हातात डबा, दुसऱ्यात छत्री. मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही थांबवलं असणार, मला ठाऊक आहे." आणि खाली गेल्या. मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या दिवशी घरी बायकोसाठी फुलं नेली. आजही ती फुलं आठवली की मला स्वतःची शिसारी येते.

नंतर तळमजल्यावरून जाता-येता आम्ही बोलायचो. पाऊस, बस, बहिणीची काठी. तिसऱ्या प्रकाराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्या निवृत्त झाल्या, त्यानंतर मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही. जायचं आहे, जायचं आहे म्हणत दहा वर्षं गेली.

यंदा साहेबांच्या जागी आलेल्या मॅडमनी पुरवणी काढायचं ठरवलं. मी निवृत्तीनंतरही घरून प्रुफं बघतो. मी म्हटलं, 'वेदना'चा पाली भाग राहिलाय, चिठ्ठ्या एका लेखनिकबाईंकडे आहेत, घेऊन येतो. मॅडमना आनंद झाला. मलाही झाला. आद्याक्षरं कशाला, पूर्ण नाव छापून घेईन, असं मी रस्ताभर ठरवत गेलो. उशिरा का होईना, सगळं निस्तरायचं, आणि तेही स्वतःला काही तोशीस न लागता.

लाँड्री होती. वरच्या दारात थोरली बहीण काठी टेकून उभी होती. बाईंना जाऊन चार महिने झाले होते.

मला कुणी कळवलं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कळवण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

बहीण आत गेली आणि कापडात बांधलेला गठ्ठा घेऊन आली. "तुम्हीच का ते प्रुफांवाले? तिने सांगून ठेवलंय, मागायला आले तर द्यायचा. आपणहून पाठवायचा नाही." मग म्हणाली, "दर रविवारी काढून बसायची. मी म्हणायची, अगं, आता कुणाला हवंय हे? तर म्हणायची, येतील ते." तिने मला चहा विचारला नाही.

गठ्ठा मी घरी येऊन उघडला. दोनशे चौदाच्या दोनशे एकतीस चिठ्ठ्या झाल्या होत्या. वाढलेल्या सतराही तिसऱ्या प्रकारच्या. वर नोंद, स्वच्छ अक्षरात, छापायला तयार. एक काना इकडचा तिकडे नव्हता. मी सवयीने चिठ्ठ्या बोटांनी चाळत गेलो आणि मधेच लाल रंग दिसला.

बाईंचंच अक्षर. 'खण १०७ मधून नेले: लाल कार्ड क्र. ६१. नेणारा: मुद्रितशोधक. शुक्रवार, सकाळी दहा वीस ते दुपारी चार.' खाली 'परत' या शब्दापुढे रेघ मारून जागा मोकळी सोडलेली. आणि अगदी खाली, जिथे हे कार्ड लिहिल्याची तारीख टाकायची, तिथे बदलीच्या आदल्या दिवसाची तारीख.

दहा वीस ही खणाच्या वहीतली माझ्याच सहीपुढची वेळ होती. म्हणजे जिन्यात "तुम्ही थांबवलं असणार" म्हणाल्या तेव्हा बाईंना सगळं माहीत होतं. नऊ वर्षं खाली सुतळ्या बांधताना माहीत होतं. पावसाबद्दल बोलताना माहीत होतं. त्यांनी माझी तक्रार केली नाही, मला माफही केलं नाही. नियमाप्रमाणे जागेवर कार्ड ठेवलं आणि नेणाऱ्याची वाट पाहिली. त्यांनी माझ्या श्रीमुखात भडकावली असती तर मी आज बरा असतो.

मी ठरवलं, कार्ड काढायचं नाही. गठ्ठा आहे तसा द्यायचा, मॅडमना लाल दिसेल, त्या विचारतील, मी सांगेन. दोन दिवस आरशासमोर वाक्यं जुळवली. तिसऱ्या दिवशी गेलो. कपाटं कधीच हलवली होती, खोलीत आता कॉम्प्युटर होते, डांबराच्या गोळ्यांचा वासही नव्हता. मॅडम तरुण, कामसू आणि घाईत. त्यांनी चिठ्ठ्या चाळल्या आणि लाल कार्ड वर काढलं.

"हे काय आहे हो? यातलं काही कमी आहे का?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. साहेब नव्हते, सासरे केव्हाच वारले होते, माझी नोकरीही संपली होती. मला कुणाचं काहीच भय नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "पूर्ण आहे."

मॅडमनी कार्ड टेबलाच्या कडेला ठेवलं आणि चार ओळी मागितल्या. त्या मी तिथेच बसून लिहिल्या. उठताना कार्ड उचललं. घरी चष्म्याच्या जुन्या डबीत एकसष्ट नंबरचं आहे, त्याच्यावर हे ठेवलं.